दुसऱ्या गेरातला आवाज

आमच्या राजेश्वर गावच्या घरात लॉरी एकच होती, आणि तिला काय दुखतंखुपतं ते सांगायचा मानही एकाच माणसाला होता, माझ्या थोरल्या दिरांना. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं काढून ते मोटारीचं काम शिकून आले होते. लॉरीतल्या त्यांच्या बैठकीखाली बाभळीची हातभर लांब काठी असायची. लॉरी कुरकुरायला लागली की काठीचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि मग सांगायचं, अमुक बोल्ट सैल झालाय. आणि तोच बोल्ट सैल निघायचा. आसपासच्या गावांतले मोटारवाले त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून मी जन्मभर त्यांना मालकच म्हणत आले. तर हे मालक त्या काठीला कधी पाय लागू देत नसत. मला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती.

थोरल्या दिरांपुढं धाकट्या सुनेनं कपाळाखाली पदर ओढायचा आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. काही सांगायचं असलं तर सासूबाईंच्या कानात सांगायचं, त्यांनी ते पुढं पोचवायचं. पोचवताना त्या आपल्या मर्जीनं त्यात घालत किंवा काढत. मला आलेल्याला दोन वर्षं झाली होती आणि दिरांशी मी एक शब्द बोलले नव्हते. एकाच तव्यावरची भाकरी आम्ही खात होतो.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा दिरांनी लॉरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. मुंबईहून सुटे भाग यायचे ते बंद झाले. एक नट मिळवायचा तर पंधरा दिवस जायचे. ब्रेक नावाला उरले होते. उतारावर किंवा चढावर लॉरी उभी करायची वेळ आली की मागच्या फळीवर बसलेल्या माणसानं लाकडी ठोकळा घेऊन उडी मारायची आणि तो चाकाखाली सारायचा. तो माणूस म्हणजे माझे मालक. भट्टीचा धूर खात, थंडीत घोंगडं पांघरून, मांडीवर ठोकळा घेऊन ते तिथं बसत. कुणी विचारलं तर हसून म्हणत, "अण्णा पुढचा डोळा, मी मागचा पाय."

मार्गशीर्ष सरत आला होता. मला सातवा संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, अफजलपूरकडं करायचं ठरलं होतं. लॉरी तुरीची पोती घेऊन गुलबर्ग्याला जाणारच होती. पोती उतरवून तशीच पुढं मला सोडायची, असं ठरलं. सासूबाईंनाही गाणगापूरचं दर्शन घ्यायचं होतं. त्यामुळे पुढच्या बैठकीवर दीर, मध्ये सासूबाई आणि कडेला मी, अशी आमची मांडणी झाली. मागं पोती, भट्टी आणि मालक.

सकाळी थंडी अशी होती की लॉरी जागी होईना. दिरांनी इंजिनाखाली चिंध्या पेटवल्या, पुढून उकळतं पाणी ओतलं. मालक भट्टीचा भाता फिरवून फिरवून घामाघूम झाले. शेवटी एकदा ती खोकली आणि थरथरायला लागली. सासूबाईंनी रस्त्याच्या कडेच्या मारुतीला हात जोडले. गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना शाळू कणसावर आलेला, त्यावर धुई बसलेली, आणि सडकेवर आमच्याशिवाय कुणी नाही.

ओढ्यापाशी चढ लागला तिथं मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

टक. मग थोडी उसंत. पुन्हा टक. उसंत दर वेळी सारखीच. इंजिनाची घरघर, फळ्यांचा खडखडाट, भट्टीचा सुसकारा, या सगळ्याच्या खालून तो येत होता. माझ्या पायाखालच्या पत्र्यातून तळपायाला कळत होता. चढ संपला, दिरांनी हाताजवळचा दांडा दुसरीकडं ढकलला आणि आवाज बंद झाला. पुढच्या चढावर दांडा पुन्हा मागं ओढला, आवाज पुन्हा सुरू. त्या दांड्याला गेर म्हणतात आणि तो दुसरा गेर होता, हे मला नंतर कळलं. पण आवाज कशाचा ते मला दुसरा टक ऐकताच कळलं.

माझ्या माहेरी ऊस आहे. भीमेच्या काठानं आमचं गुऱ्हाळ चालायचं. लोखंडी चरक, वर दातेरी चाकं, बैल गोल फिरताहेत आणि मी लहानपणी तिथं चिपाडाच्या ढिगावर लोळतेय. ऊस लावणारे गडी सगळे कानडी बोलायचे. दात्याला ते 'हल्लु' म्हणत. हल्लु म्हणजे कानडीत दात. एके वर्षी चरकातून असाच टक-टक आवाज यायला लागला. फेऱ्यातून एकदा, नेमका एकदा. म्हातारा गडी ओरडला, "हल्लु मुरदद!" म्हणजे दात मोडलाय. आमच्या काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण काहिलीत रस होता. त्यांनी दात्यांवर बचकभर वंगण थापलं. आवाज दबला. दुपारी तो मोडका दात शेजारच्या तिघांना घेऊन निसटला, चरकाचं जू उलटं फिरलं आणि एका बैलाची मान मोडली. त्या बैलाचं ओरडणं मी विसरलेले नाही. म्हणून म्हणते, तो आवाज मला कुणी शिकवायला नको होता.

ओढ्याच्या वर पाणी घ्यायला लॉरी थांबली. दीर बादली घेऊन खाली उतरले तेवढ्यात मालक माझ्या बाजूच्या दाराशी आले. "थंडी वाजायलीय का?" असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "आवाज यायलाय."

"कुठला आवाज?"

"टक टक. खालून. दात मोडल्यागत."

ते हसले. मोठ्यानं हसले, तेही सासूबाईंच्या देखत. "अण्णाला ऐकू येईना आन तुला यायलाय व्हय? आता काठी तुझ्याच हातात देतो." सासूबाईही हसल्या. माझा संताप माझ्या नाकावर असतो, हे माझ्या माहेरचे सांगतील. मी मान फिरवली आणि शाळवाकडं बघत बसले. मालक 'अगं' म्हणाले, मी 'ओ' दिली नाही. दीर पाणी घेऊन आले तसे ते मागं गेले.

तरी पुढच्या चढावर टक ऐकू आला तेव्हा मला राहवेना. मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "खालचं दातेरी चाक खराब झालंय म्हणावं. उसाच्या चरकात असाच आवाज येतो."

सासूबाईंनी दिरांना सांगितलं, "हिला कसला तरी आवाज यायलाय म्हणं."

चरक, दात, चाक, सगळं वाटेतच गळून पडलं. दिरांनी सडकेवरची नजर हलवली नाही. म्हणाले, "भट्टीचा हाय. सांग, भिऊ नको म्हणावं." पण मी पदराआडून बघत होते. भट्टीचा आवाज असेल तर माणूस मागं बघतो. दिरांनी हात त्या दांड्यावर ठेवला आणि तळव्यानं तो चाचपला.

हुमनाबादला लॉरी बराच वेळ थांबली. दिरांनी एकेक तपासायला घेतलं. चाकांचे नट पाहिले, स्प्रिंगच्या पाट्यांवर हातोडीनं ठोकून पाहिलं, भट्टीचे पेच आवळले. इंजिन चालू ठेवून, लॉरी उभ्या जागी, त्यांनी काठी कानाला लावली. उभ्या लॉरीत तो आवाज यायचाच नाही, कारण ते चाक फिरतं पण ओझं ओढत नाही. चरक रिकामा फिरवला तर मोडका दात बोलत नाही, ऊस घातला की बोलतो. हे मला कळत होतं आणि माझ्या तोंडावर पदर होता.

मग दीर मालकांना म्हणाले, "आईला आन तिला काहीतरी खाऊ घाल. मी वंगण बघून येतो." आम्ही झाडाखाली बसलो. सासूबाई लघवीला गेल्या. मालकांनी पानात बांधलेली गरम भजी आणून माझ्यापुढं ठेवली. त्यांच्या भुवयांवर राख बसली होती. ते उकिडवे बसले आणि आता हसत नव्हते.

"खरंच यायलाय का गं आवाज? कशाचा हाय?"

मला तेव्हा एवढंच करायचं होतं. तोंड उघडायचं होतं. आम्ही दोघंच होतो, कुणाची आडकाठी नव्हती. पण ओढ्यावरचं ते हसणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"मला काय कळतंय," मी म्हणाले. "तुमच्या अण्णाला विचारा."

"रागावलीस व्हय?"

मी भजं उचललं आणि दुसरीकडं बघत खाल्लं. ते उठले आणि मागं गेले. लॉरी निघाली तेव्हा फळीवर उडी मारून बसल्याचा दणका मला ऐकू आला.

हुमनाबादच्या पुढं पहिला चढ आला. दिरांनी दांडा मागं ओढला. मी कान देऊन बसले. टक आला नाही. दुसऱ्या चढावरही आला नाही. सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, "गेला की गं तुझा आवाज." मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण तळपायाला अजून कळत होतं. टक नव्हता, पण त्याच्या जागी एक मऊ, दबका ठोका होता. उशीखाली तोंड दाबून कुणी बोलावं तसा. काकांनी वंगण थापल्यावर चरक असाच चालला होता.

ऊन वर आलं होतं. सकाळी थंडीनं घट्ट झालेलं सगळं तेल आता पातळ झालं असणार. दबका ठोका दर मैलाला थोडा उघडा पडत होता. मी पोटावर हात ठेवून मोजत बसले. आतलं बाळ हलायचं थांबलं होतं की मलाच कळत नव्हतं कोण जाणे. मागं पोत्यांपलीकडं मालक बसलेत, एवढंच डोक्यात फिरत होतं. खिडकीतून डोकं काढून बघितलं तर भट्टीचा धूर तेवढा दिसला, माणूस दिसला नाही. मी मनात ठरवलं, कमलापूरला थांबलो की सांगायचं. राग गिळायचा आणि सांगायचं.

कमलापूरच्या अलीकडं सडक उतरते. फार मोठा घाट नाही, पण तुरीच्या पोत्यांनी भरलेल्या आणि ब्रेक नसलेल्या लॉरीला पुरे होता. खाली एक कडब्याची गाडी आडवी चालली होती. दिरांनी ब्रेकवर पाय दिला. मी त्यांचा पाय बघत होते, गुडघा ताठ झाला, पाय पार खाली गेला, आणि लॉरीचा वेग होता तसाच राहिला. मग त्यांचा हात दांड्याकडं गेला.

मी दोन वर्षांची रीत मोडली. पदर पडला, सासूबाईंच्या अंगावरून मी पुढं झुकले आणि दिरांच्या तोंडावर ओरडले. ओरडताना मराठी आठवली नाही. गुऱ्हाळातलं आलं.

"हल्लु! हल्लु!"

दिरांनी दांडा मागं ओढला. पायाखाली लोखंड फुटल्याचा आवाज झाला, एक, दोन, मग मोजता येऊ नये इतके. आणि नंतर काहीच नाही. इंजिन मोकळं किंचाळत होतं आणि लॉरी सुटली होती. मागं दणका झाला नाही, पण मला कळलं की फळी रिकामी झाली. मालकांनी ठोकळा घेऊन उडी मारली होती.

लॉरी सडक सोडून करडईच्या रानात शिरली आणि बांधाला धडकून थांबली. कडब्याची गाडी वाचली. माझ्या कपाळाला खोक पडली, सासूबाईंच्या बांगड्या फुटल्या. पोटातलं बाळ जोरात हललं, त्यावरून ते जिवंत असल्याचं कळलं. मी दार उघडून खाली उतरले आणि सडकेकडं निघाले. ठोकळा दुभंगून पडला होता. मालक त्याच्यापाशी बसले होते, आणि आपला डावा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसे त्याच्याकडं बघत होते.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली कापला.

त्याच दवाखान्याच्या ओसरीवर, बघायला आलेल्या नातेवाइकांना सासूबाईंनी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. "ही भिऊन हळू हळू म्हणून ओरडली, म्हणून त्यानं लॉरी हळू करायला खालचा गेर टाकला, आन गेर तुटला." सासूबाईंना कानडी येत नव्हतं. आमच्या भागात मोटारीवरची माणसं दखनी बोलतात, त्यांच्या तोंडी हळू म्हणजे 'हल्लू'. लॉरी मागं घेताना मालक स्वतःच ओरडत, "हल्लू, हल्लू!" सासूबाईंच्या कानावर तोच शब्द पडला, तोच त्यांनी सांगितला. खोटं बोलल्या असं मी आजही म्हणणार नाही.

मी म्हणाले, "मी हळू म्हणाले न्हाई. दात म्हणाले. कानडीत."

"अगं, अण्णाला कानडी येतंय की," सासूबाई म्हणाल्या. "दात म्हणली असतीस तर त्यानं ऐकलं नसतं व्हय?"

सगळ्यांनी दिरांकडं पाहिलं. दीर खांबाला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं माझ्या विरुद्ध पडलं.

मला मुलगी झाली. तीन महिन्यांनी तिला घेऊन राजेश्वरला परत आले तेव्हा लॉरी मोडीत गेली होती आणि दीर शेती बघत होते. मोटारीचं नाव कुणी काढलं तर उठून जात. मालक कुबडी घेऊन सडकेच्या कडेला पानतंबाखूचं दुकान घालून बसले. दीर त्यांना रोज सकाळी खांद्याचा आधार देऊन तिथपर्यंत नेत आणि दिवस मावळायच्या आत घरी आणत. दोघा भावांत कधी वाकडा शब्द नव्हता. मालकांनी मलाही कधी बोल लावला नाही. गिऱ्हाईक पायाचं विचारायचं तेव्हा ते म्हणायचे, "पोटुशी बाई, घाबरली, हळू म्हणाली. तिचा काय दोष?" त्यांनी मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं त्याची ती माफी मी चार वर्षं रोज भाकरीबरोबर गिळत होते, आणि मला तिचा शिव्यांपेक्षा जास्त राग यायचा.

चौथ्या वर्षी सासूबाई गेल्या. त्याच हिवाळ्यात एक दिवस अंगणात पोरं खेळत होती. थोरल्या जावेची दोन आणि माझी मुलगी. एक जण पाटावर बसून लॉरी हाकत होता. माझी मुलगी शेजारी पदर घेतल्यासारखं फडकं डोक्यावर ओढून बसली होती. मध्येच ती हात वर करून ओरडली, "हळू! हळू!" आणि मागचं पोर धपकन खाली पडलं. तिघं खो खो हसली. मग पुन्हा सुरुवातीपासून.

मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि तशीच खळ्यावर गेले. दीर तुरीच्या काड्यांचा ढीग लावत होते, दुसरं कुणी नव्हतं. मी पदर कपाळाखाली ओढला नाही. समोर जाऊन उभी राहिले.

"तुमाला कानडी येतंय न्हवं?"

त्यांनी काडी खाली टाकली. मी त्यांच्याशी बोलतेय हे कळायलाच त्यांना वेळ लागला. "येतंय," म्हणाले.

"मग त्या दिवशी मी काय म्हणाले?"

ते खाली बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. त्या हातांना अजूनही तेलाचे काळे डाग होते, की मला तसं वाटलं.

"दात," ते म्हणाले.

"ऐकू आलं होतं?"

"आलं होतं. तवर हात गेरवर गेलता." मग तेच पुढं म्हणाले, "दात गेल्यालं मला आधीच ठाऊक होतं. आदल्या दिवशीच टक यायला लागला होता. दुसरं चाक मिळायचं न्हवतं. हुमनाबादला तुमाला झाडाखाली धाडलो, आन गेरच्या पेटीत लाकडाचा भुसा घातलो. उस्ताद करायचा तसं. आवाज मरतो. आवाज मेला तवा मलाच वाटलं, चालंल गुलबर्ग्यापातूर. माझा कान मीच बुजवलो."

"आन मला चार वर्षं सगळ्यांपुढं..."

"आई बोलून गेली. मी गप बसलो. मग बोलायला तोंडच न्हाई राहिलं." त्यांनी वर पाहिलं. "मी सांगतो त्याला. आज सांगतो."

ओढ्यावरचं आणि चरकाचंही मी त्यांना सांगून टाकलं आणि घरी येताना रडले. इतकं हलकं मला माहेरी जातानाही कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता मालक त्यांच्याकडं बघतील आणि मग माझ्याकडं बघतील, आणि चार वर्षांची ती माफी परत घेतील.

त्या दिवशी जेवताना, ताटावर, दिरांनी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. भुसा सांगितला, दात सांगितला, मी काय ओरडले ते सांगितलं. माझ्या कानाची तारीफही केली. म्हणाले, "ओढ्याच्या चढावरच तिला कळलं होतं. उसाच्या चरकावरनं." थोरली जाऊ तव्यापाशी तशीच थांबली. मी वाढायला उभी होते.

मालकांनी हातातला घास ताटात ठेवला. भावाकडं बघतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"ओढ्यापास्नं तुला कळलं होतं?"

"व्हय. सांगितलं की तवा तुमाला. तुमी हसलात."

"हसलो. मान्य हाय." ते विचार करत होते. आवाज चढलेला नव्हता, दुकानात सुपारी मोजताना असायचा तसाच होता. "मग हुमनाबादला मी विचारलो. चांगलं विचारलो. मी मागं फळीवर बसणार हे तुला दिसत होतं. तवा कामून बोलली न्हाईस?"

दिरांपुढं बोलायचं नाही ही रीत होती. पदराची रीत होती, सासूबाईंमार्फत सांगायची रीत होती, आणि चार वर्षं मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना कोर्टात उभं केलं होतं. पण झाडाखाली आम्ही दोघंच होतो. तिथं कसली रीत नव्हती. मी तोंड उघडलं, आणि खरं तेवढं एकच निघालं.

"रुसले होते," मी म्हणाले.

मालकांनी मान हलवली, जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं. "रुसली होतीस," ते म्हणाले, आणि ताट पुढं ओढून जेवायला लागले. दीरही जेवायला लागले. मी दोघांना भाकरी वाढली. माझ्यात आणि मालकांत त्यानंतर त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि दुकानावर कुणी पायाचं विचारलं तर ते एवढंच सांगत, लॉरीखाली गेला.